चौथा रोल

ऋतिका फोटो स्टुडिओ
नदीनाका, भिवंडी
५ नोव्हेंबर २००६

देवराम,

वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर नारळ-ओटीच्या दुकानात तू कामाला असतोस, असं बाबू रिक्षावाल्याने सांगितलं. पत्ताही त्याच्याकडूनच घेतला. सव्वा वर्षात एक फोन केला नाही आणि आता एकदम पत्र, असं तुला वाटेल. खरं सांगू, फोनवर मला समोरच्याच्या तोंडाकडे बघितल्यासारखं होतं. कागदाला तोंड नसतं, म्हणून बरं.

तुळशीची लग्नं लागली आणि आपला धंदा सुरू झाला. काल अंबाडीच्या पुढे एका हळदीला गेलो होतो. सकाळपासून ऊन असं कडक की नवऱ्यामुलाच्या अंगावर हळद वाळून तिचे पोपडे निघायला लागले. मी सगळं उन्हाच्या हिशोबाने लावून बसलो. चार वाजता घरचे, दारचे, भावकीचे चाळीस जण ग्रुपसाठी उभे राहिले, कोण कोणाच्या बाजूला यावरून दोन रुसवे निघाले, ते मिटले, आणि मी डोळा लावतो तोच आभाळाने तोंड फिरवलं. नोव्हेंबरात! ग्रुपमधली मागची ओळ सगळी कोळशासारखी. तू असतास तर डोंगराकडे बघून म्हणाला असतास, "शेट, अर्धा तास हाय. ग्रुप आधी घ्या, हळद मागून." आणि मी नेहमीप्रमाणे तुला दोन शब्द ऐकवून, ऐकलं असतं तुझंच.

तुझ्या जागी माझा मावसभाऊ रामनाथ आहे. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला माणूस. आभाळाकडे बघतच नाही. म्हणतो, ऊन नसलं तर नंतर टाकू. निगेटिव्हच्या पाकिटावर नुसतं नाव आणि तारीख लिहितो. तू लिहायचास ते, 'दहाला ढग, साडेदहाला कडक ऊन, बाराला सर, मग उघाड', ते त्याला दाखवलं तर म्हणाला, ही लग्नाची पाकिटं आहेत की वेधशाळेची? मीही तेव्हा तुला असंच हसायचो. पण प्रिंट काढताना त्याचा किती उपयोग व्हायचा ते आता कळतं.

मुद्द्याचं लिहितो. त्या डब्याचं मी मनात ठेवलेलं नाही. एका उन्हाळ्याची नऊ लग्नं, सगळ्या निगेटिव्ह एका डब्यात, आणि तो डबा पुराच्या दिवशी खालच्या फळीवर राहिला. राहिला तर राहिला. माणसाच्या हातून चूक होते. लोक विचारतात तेव्हा मी तुझं नाव घेत नाही, पुरात गेलं एवढंच सांगतो. तेव्हा मागचं सोड आणि कामावर ये. नारळ सोलायला तुझा हात झालेला नाही.

मैनावहिनी आठवण काढते. ऋतिका तिसरीत गेली.

तुझा
केसरीनाथ

१८ फेब्रुवारी २००७

देवराम,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी पाच मिनिटं गप्प, मग एक वाक्य.

मंगळवारी एका जोडीला घेऊन तानसाच्या काठी आउटडोअरला आलो होतो. जोडी म्हणजे नवरा, नवरी, नवऱ्याची आई आणि नवरीची करवली. सासू दगडावर बसून सूचना देणार, "एवढं चिकटून कशाला, आमच्यात तसं न्हाय." मोठे पांढरे ढग, दर दोन मिनिटांनी एक. ऊन आलं की नवरी डोळे मिटायची, ढग आला की नवरा काळा पडायचा. दोघांचं जमेल असं आभाळ काही सापडेना. मी आता डिजिटल घेतला आहे. नवरी प्रत्येक फोटोनंतर धावत येऊन मागच्या काचेत बघते आणि म्हणते, "भावजी, हा पुसा." इतकं सोपं झालंय. चुकलं की पुसायचं, कोणाला पत्ता लागत नाही. ना रोल, ना तो गुंडाळायची खुंटी.

परत जाताना रिक्षा तुझ्या दुकानावरूनच गेली. तू पाठमोरा होतास, निळा सदरा होता. सामान फार होतं म्हणून थांबलो नाही.

दुसरी गोष्ट धोंडूबाईची. आपली धवलारीण, भटजीच्या आधी जिचा मान, जिने माझ्या लग्नातही धवले गायले ती. गुरुवारी एसटीने एकटी आली आणि स्टुडिओत स्टुलावर बसली.

"केसरी, माझा एक मोठा फोटू करून दे. भिंतीवर लावाचा हाय."

मी म्हटलं, "आय, पदर नीट घे, आत्ता काढतो."

"आत्ताचा न्हाय रे. त्यो भाविकच्या लग्नातला. मी गात होती तवा देवरामनी काढला होता. मंग एक दिस त्यानी ती पट्टी उजेडात धरून माना दाखवली. माझं केस काळंभोर! माना वाटलं मी परत तरनी झाली."

निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं हे तिला तू सांगितलं नव्हतंस, लबाडा. आणि भाविकचं लग्न त्या नऊंतलंच; त्याचा अल्बम झाला असता तरी हा फोटो त्यात नसता. धवलारणीचा फोटो अल्बममध्ये कोण घालतो? तो फक्त निगेटिव्हवर होता.

मी म्हटलं, "ती पट्टी पुरात गेली, आय."

"मंग मी काय बिनफोटूची मरू? पोरं रेशनकार्डावरचा लावतील. त्यात मी चोर दिसतं." स्वतःच हसली. मग खोकला आला तो बराच वेळ थांबला नाही. ठाण्याच्या डॉक्टरने काहीतरी सांगितलं आहे, ती नीट सांगत नाही. चहा न घेता गेली.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. या स्टुडिओत दहा बाय बाराची जागा, वर माळा, समोर शटर. सगळं आयुष्य इथेच गेलं, कधी कोंडल्यासारखं वाटलं नव्हतं. आता वाटतं. उगाचच.

केसरीनाथ

२५ मार्च २००७

देवराम,

आज तुला एक गोष्ट सांगणार आहे. सांगून मोकळा होतो.

परवाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीमागे धोंडूबाई माझ्याजवळ येऊन बसली. फोटोचं पुन्हा विचारील म्हणून मी आधीच कॅमेऱ्यात डोकं घातलं. पण तिने विचारलं भलतंच. "केसरी, तुझ्या मेव्हनीच्या लग्नात पानी आलं होतं ना, तवा देवराम तुला सारखा सांगत होता, शेट खुंटी बघा, खुंटी बघा. मी अंतरपाटाच्या बाजूलाच उभी होती. ती कंची खुंटी रे?"

मी म्हटलं, "मांडवाची."

"मांडवाला तर लोखंडी पाइप होते," ती म्हणाली, आणि पानाला चुना लावायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं रे. म्हातारीला नुसतं कुतूहल. पण माझ्या हातातून लेन्सचं झाकण पडलं ते शोधायलाही मी वाकलो नाही.

तुला तो दिवस आठवत असणारच. २२ मे २००५, माझी मेहुणी दिपाली, सासरे चांगदेवशेट यांची धाकटी. मुहूर्त दुपारचा. अकरापर्यंत घामाच्या धारा, आणि बाराच्या सुमाराला वळवाची सर अशी आली की मांडवाची एक बाजूच खाली बसली. व्हिडिओवाल्याने पहिल्या थेंबाला कॅमेरा बंद केला आणि घरात पळाला. राहिलो तू आणि मी. आपण साखरेची प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर चढवली, लेन्सपुरतं भोक, बाकी सगळं झाकलेलं. तिसरा रोल संपला तेव्हा तू छत्री धरलीस आणि मी चौथा भरला. घाईत भरला. वरती भटजी मंगलाष्टकं म्हणतोय, धोंडूबाई गातेय, सासरे ओरडतायत, "जावईबापू, चला!"

रोल बसला की नाही हे कळायची एकच खूण. फोटो काढून खटका ओढला की डावीकडची खुंटी गरकन फिरते. फिरली तर आत फिल्म सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही नुसता हवेचा फोटो काढताय, आणि वरचा आकडा मात्र एक, दोन, तीन असा इमानाने पुढे जातो. ती खुंटी पिशवीच्या आत होती. मला दिसत नव्हती. तू कानाशी येऊन म्हणालास, "शेट, खुंटी फिरतंय का बघा." एकदा म्हणालास, दोनदा म्हणालास. तिसऱ्यांदा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मला शिकवतोस? छत्री धर गुपचूप." माझे मेहुणे हसले. तू छत्री धरलीस.

अंतरपाट, हार, अक्षता, सगळं त्या रोलमध्ये. कल्याणच्या लॅबमधून तो परत आला तेव्हा काचेसारखा स्वच्छ होता. तुला मी सांगितलं की चौथा रोल लॅबमध्ये अडकलाय, दुसऱ्या कोणाच्या पाकिटात गेलाय, शोधतायत. दोन महिने तू विचारत होतास आणि मी शोधतायत, शोधतायत करत होतो. तो रोल मी खाडीत टाकला.

झालं. एवढंच होतं. तू बरोबर होतास, मी चुकलो. बाकीचं पुरात गेलं, त्यात माझा हात नाही.

केसरीनाथ

२९ एप्रिल २००७

देवराम,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोटी होती. हेही पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आता जसं येईल तसं लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा राहील.

आधी एक छोटी गोष्ट. रोल कोरा आहे हे मला लॅबमध्ये कळलं नाही. मांडवातच कळलं. छत्तीस झाल्यावर परत गुंडाळायला खुंटीला हात घातला तर बोटाला काही ओढच लागली नाही. दहा वर्षांत अशी हलकी खुंटी मी फिरवली नव्हती. तेव्हा पाऊसही थांबला होता. नवरानवरी बाजूलाच उभी होती, गळ्यात हार तसेच. नुसतं म्हणायचं होतं, "पुन्हा एकदा हार घाला." रोज म्हणतो आपण, कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण तू माझ्याकडे बघत होतास. तुझ्यासमोर मला ते म्हणता आलं नाही.

आता डबा. २६ जुलैला पाणी आलं. नदीनाका छातीएवढ्या पाण्यात. तू आदल्या संध्याकाळीच पाड्यावर गेला होतास आणि पुढे रस्ताच बंद झाला. मी २८ तारखेला शटर उघडलं. खाली गुडघाभर चिखल, खुर्च्या उलट्या, पंखा वाकडा. शिडी लावून माळ्यावर चढलो. डबा वर होता. कोरडा ठणठणीत. वर गोणपाट टाकलेलं. तू जायच्या आधी चढवून गेला होतास.

मी शिडीवर बसून रडलो होतो रे, आनंदाने. तुला मिठीच मारली असती.

आणि तेवढ्यात चांगदेवशेट दारात. धोतर वर धरून चिखलातून आले होते, जावयाचं काय झालं बघायला. त्यांनी माझं तोंड बघितलं, डोळे बघितले, आणि विचारलं, "पोरीचे फोटू?" माझ्या तोंडातून निघालं, "गेले." मी काही ठरवलं नव्हतं. दोन महिने चौथ्या रोलचं काय सांगायचं म्हणून झोप नव्हती, आणि इथे आयतं उत्तर दारात आलं. ते म्हणाले, "वर का न्हाय ठेवले?" मी म्हणालो, "देवरामने खाली ठेवले होते." संपलं. दोन वाक्यांचं काम.

पण डब्यात एकच लग्न नव्हतं ना. दिपालीचं गेलं आणि बाकीची आठ वाचली, असं कोण मानेल? म्हणून नऊही बुडवावी लागली. एका कोऱ्या रोलसाठी तिचे सहा चांगले रोल बुडाले, भाविकचं लग्न बुडालं, धोंडूबाई बुडाली. डबा मी माळ्यावरच, ताजमहाल रंगवलेल्या जुन्या पडद्यामागे ढकलला.

पाचव्या दिवशी तू चालत आलास. पायाला जळवा लागलेल्या. पहिल्यांदा माळ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, डबा खाली होता, गेला. तू म्हणालास, "मी वर ठेवला होता, शेट." मी म्हणालो, "मग पाण्याने खाली आणला का?" तू शिडीला हात लावलास तर मी म्हटलं, लाकूड कुजलंय, पडशील. खात्री पटावी म्हणून मी काही टाकाऊ पट्ट्या आधीच चिखलात टाकून ठेवल्या होत्या. त्या तू दोन दिवस बादलीत धूत होतास. एकेक पट्टी उजेडात धरायचास, काही दिसतंय का बघायला. तिसऱ्या दिवशी चांगदेवशेट येऊन तुला बोलले. "रानातला मानूस, त्याच्या हाती पोरीचं लगीन दिलं." मी गल्ल्यावर बसलो होतो. मी मान वर केली नाही. तू बादली उपडी करून ठेवलीस आणि गेलास.

मागे मी लिहिलं की लोकांना मी तुझं नाव सांगत नाही. सगळ्यांना सांगितलंय.

आता माझे हाल ऐक, आणि हस. निगेटिव्हला दमट हवेत बुरशी येते. म्हणून पावसाळ्यात आभाळ उघडलं की भर दुपारी मी शटर आतून ओढून घेतो, दोऱ्या बांधतो, नऊ लग्नं वाळत घालतो आणि पंखा लावून बसतो. बाहेरून गिऱ्हाईक पत्रा वाजवतं, "केसरीशेट, हायत का?" मी श्वास रोखून आत. रामनाथला चावी देत नाही. मालक इमारतीला रंग काढायचा म्हणतो तर मी नको म्हणतो. मैना विचारते, माळ्यावर काय आहे एवढं? चोर तरी चोरी करून पळून जातो. मी चोरीच्या मालाखाली रोज दहा तास बसतो, आणि माल म्हणजे लोकांचे हसरे चेहरे.

केसरीनाथ

२७ मे २००७

देवराम,

सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. कसं ते लिहितो.

अधिक महिना लागला, लग्नं बंद. सासऱ्यांनी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. तुला माहीत आहे, अधिकात जावई म्हणजे साक्षात देव. पाटावर बसवलं, टिळा लावला, नवा शर्टपीस हातात दिला, ताटात तेहतीस अनारसे. सासूबाई माझ्या पाया पडायला वाकल्या आणि मी पाटावरून उठलोच. म्हटलं, "आधी माझं ऐका." दिपाली माहेरीच होती, कडेवर तिचा वर्षाचा मुलगा. मी पिशवीतून तिच्या लग्नाचे प्रिंट काढले, सहा रोलचे, आणि ताटाच्या बाजूला ठेवले. मग चौथ्या रोलचं सांगितलं. मग डब्याचं. मैना दारात उभी होती. वाढण्याचा डाव तिच्या हातात तसाच राहिला.

दिपालीने फोटो बघितले. हळदीचे बघून हसली, आजीचा बघून डोळे पुसले. मग म्हणाली, "भावजी, हाराच्या टायमाला माझं काजळ गालावर आलं होतं, साडी पायाला चिकटली होती. मी तर देवाला म्हनत होते, यावेळचे फोटू येऊ नकोत. त्या एका रोलासाठी तुम्ही असं केलंत?"

ती कोणालाच नको होती, देवराम, ती छत्तीस चित्रं. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. मी दोन वर्षं तिच्या रडण्याला घाबरून तुला बुडवलं, आणि ती म्हणते बरं झालं.

चांगदेवशेट एवढंच म्हणाले, "मी त्या देवरामला जे बोललो, ते आता परत कसं घेऊ?" जेवले नाहीत. मीही नाही. तेहतीस अनारसे तसेच राहिले. मैना आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. आणि बोलली तर काय बोलेल याचीच मला भीती.

धोंडूबाईचा फोटो मोठा करून मी स्वतः घेऊन गेलो. तिने काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "यात तर केस पांढरे हायत!" मग बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "पन गाताना मी बरी दिसतं." तिला डब्याचं सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू म्हनालास मांडवाची खुंटी. माना म्हाईत होतं, खोटं बोलतस. पन इतकं?" फोटो मांडीवर घेऊन बसली, मला जा म्हणाली नाही आणि बस म्हणाली नाही.

बाकीच्या आठ घरी पाकिटं पोचवतो आहे. काही ठिकाणी शिव्या मिळतात, त्या बऱ्या वाटतात.

आता तुझं. कामावर ये. पाटीवर तुझं नाव घालतो, ऋतिका फोटो स्टुडिओ, केसरीनाथ आणि देवराम. माफी मागतो असं लिहिणार होतो. लिहिलं. मला तू चांगलं म्हणावंस असं नाही, पण काहीतरी म्हण. या पाच पत्रांत मी एकटाच बोलतोय.

केसरीनाथ

वज्रेश्वरी
१४ जून २००७

केसरीशेट यांस,

पत्रं पाचही मिळाली. मी सातवीपर्यंत शिकलो तेवढ्यावर लिहितो आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

त्या दिवशी मी शिडी चढलो, डबा ठेवला, वरून गोणपाट टाकलं, हे मला डोळ्यासमोर दिसत होतं. तुम्ही म्हणालात डबा खाली होता. तुम्ही खोटं बोलाल हे माझ्या मनातच आलं नाही. मग मी धरून चाललो की मला जे आठवतं ते झालेलं नसतं. शेट, तेव्हापासून माझं असं झालंय. दुकानाला कुलूप लावतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन बघतो. चूल विझवली का ते तीनदा बघतो. बायकोला, भागीला विचारतो, मी जेवलो ना? पोराला ताप आला तेव्हा औषध दिलं की नाही आठवेना, म्हणून परत दिलं नाही, आणि रात्रभर ताप चढला. पोरगा वाचला. पाड्यावर सगळे म्हणतात, देवरामच्या डोक्याला पाणी लागलं. कॅमेरा मी हातात धरला नाही, कारण मला काय दिसतं त्याचा भरवसा नाही.

कामावर येणार नाही. पाटीवर नाव नको.

भागीला वाचता येत नाही. तुमचं चौथं पत्र मी तिला वाचून दाखवलं, डबा वर होता ते. ती म्हणाली, खरंच तसं लिहिलंय का, परत बघा. मी परत बघितलं. मग ती म्हणाली, तुम्हाला तसं दिसत असेल.

म्हणून तुम्ही या. गणेशपुरीच्या एसटीने वज्रेश्वरीला उतरलात की पाडा कोणीही दाखवेल. सगळ्यांसमोर, भागीसमोर, तुमच्या तोंडाने सांगा. पत्र नको.

देवराम